महुआ पडत होता तेव्हा

इंदूर, रविवार, २५ मे २०२५

भाची सकाळी आली ती रडवेली होऊनच. मंगळवारी सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, सिव्हिल जजच्या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षं वकिली हवी. आपल्या मध्य प्रदेशात ही अट २०२३ मध्येच आली होती, पण कायद्याची पदवी पहिल्याच खेपेला ७० टक्क्यांनी पास होणाऱ्यांना सवलत होती, आणि पोरीचा सगळा भरवसा त्या सवलतीवर. "आत्या, माझी तीन वर्षं वाया जाणार," म्हणाली.

वाया नाही जाणार, एवढंच मी म्हटलं. ती गेल्यापासून मात्र डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहायला बसले.

मी १९८८ मध्ये सिव्हिल जज म्हणून लागले, त्याआधी चार वर्षं एम. जी. रोडवरच्या जिल्हा कोर्टात काढली. पहिली दोन वर्षं नुसत्या नकला काढल्या, पेश्या म्हणजे पुढच्या तारखा घेतल्या, मुन्शीबरोबर (वकिलाच्या कारकुनाबरोबर) रेकॉर्डरूमच्या धुळीत बसले. आमचे सीनियर मला जुने जबाब वाचायला लावायचे आणि विचारायचे, यात साक्षीदाराचं वाक्य कुठलं आणि जज साहेबांचं कुठलं? सुरुवातीला काही कळायचं नाही. हळूहळू कान तयार झाला.

तो कामी आला पहिल्याच पोस्टिंगला, झाबुआकडच्या एका तहसिलीत. मारहाणीची केस होती. म्हातारी साक्षीदार भिली बोलणारी, मध्ये दुभाषा. घटना कधीची विचारलं तर म्हणाली, महुआ पडत होता तेव्हा. महुआ म्हणजे मोहाची फुलं. दुभाषा म्हणाला, "साहेब, मार्च लिहा." मी महुआच लिहिलं. तेव्हा जबाब आम्ही हातानं लिहायचो, त्यामुळे साक्षीदार जितकं हळू बोलेल तितकंच हळू ऐकणं भाग असायचं. उलटतपासणीत बचावाचे वकील तारखेवरून तिला खोटं पाडायला बघत होते. फिर्यादीतली तारीख एप्रिलची, आणि महुआ एप्रिलमध्येही पडतोच. मी मार्च लिहून बसले असते, तर एक खरं बोलणारी बाई कागदावर खोटी ठरली असती.

पुढे २००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपासणी, म्हणजे साक्षीदारानं आपल्या बाजूनं द्यायचा पहिला जबाब, शपथपत्रावर आली. वेळ वाचला, ते बरंच झालं. पण शपथपत्रातला शेतकरी, किराणावाला, विधवा बाई, सगळे एकाच वकिलाच्या भाषेत बोलू लागले. माणूस दिसायचा तो उलटतपासणीत. मग कॉम्प्युटर आला, जबाब टाइप होऊ लागले, नोकरीच्या शेवटी शेवटी तर साक्षीदार पडद्यावर. मी कशालाच विरोध केला नाही. गेल्या १ जुलैला नवे फौजदारी कायदे लागू झाले, खुनाच्या ३०२ ची १०३ झाली, फसवणुकीच्या ४२० ची ३१८; निवृत्त असूनही मी पुस्तकं आणून दोन महिने कलमं घोकली. कलम पाठ करता येतं. समोरची बाई काय म्हणते ते ऐकणं परीक्षेच्या अभ्यासात येत नाही, ते कोर्टात उभं राहूनच येतं. म्हणून हा निकाल मला मनापासून पटतो. ही अट पूर्वी होतीच, २००२ मध्ये काढली होती.

पण पोरीचं दुसरं म्हणणं मला खोडता आलं नाही. तीन वर्षं पोसणार कोण? जुनियरला सीनियर काय देतात ते मी जाणते. वकिलांच्या बार कौन्सिलनं मागच्या वर्षी शहरात महिना २०,००० द्यावेत असं सुचवलं, पण ती शिफारस, सक्ती नव्हे. मला चार वर्षं बाबांनी सांभाळलं. रामबागेतलं घर होतं, भाडं नव्हतं, लग्नाचा तगादा बाबांनी परस्पर थोपवला. ज्या घरात असे बाबा नाहीत तिथल्या मुली या तीन वर्षांत गळतील, याची मला खरीच धास्ती वाटते. झाबुआची एखादी मुलगी, जिला दुभाषा लागणार नाही, तीच गळायची.

निघताना तिला सांगितलं, सुट्यांतही फौजदारी कोर्ट चालू असतं. एक दिवस मागच्या बाकावर बस, एका साक्षीदाराचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिही, मला आणून दाखव. "हातानं?" तिनं विचारलं. हो, हातानंच.

उद्या दादाला फोन करायचा आहे. त्याचा हात यंदा आखडलेला आहे, मला माहीत आहे. तिचा तीन वर्षांचा खर्च माझ्या पेन्शनमधून. तो नको म्हणेल, तरी ऐकायचं नाही.