फोटोमागची नावं

वाचनालयाच्या कपाटातले जुने अल्बम आणि सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या माझ्याकडे आल्या, तेव्हा हे काम स्कॅनिंगचं आहे अशी माझी समजूत होती. पहिल्याच अल्बमला चूक झाली. भराभर फोटो सोडवले, स्कॅन केले, पाकिटात भरले. रिकाम्या झालेल्या काळ्या पानांवर पांढऱ्या शाईत नावं होती, ती नंतर दिसली. कुठलं नाव कुठल्या फोटोखालचं? डिंकाचे डाग आणि फोटोंच्या पाठीला चिकटून आलेले कागदाचे कपटे जुळवत दोन आठवडे बसले. 32 पैकी 19 जुळले. उरलेल्या 13 फोटोंची चुटपुट आजही आहे.

तेव्हापासून आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्यायचा, पानाला क्रमांक द्यायचा, मगच फोटोला हात लावायचा. फोटोची पाठही स्कॅन करायची, कारण स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख तिथेच सापडते.

सगळ्यात त्रास दिला चिकट पानांच्या अल्बमनी. 1970-80 च्या दशकांत ते फार चालत. त्यांचा गोंद पिवळा पडून फोटोला धरून बसतो. दात साफ करायचा फ्लॉस फोटोमागून हळूहळू करवतीसारखा फिरवला की बरेच सुटतात. जिथे दोरा अडला तिथे मी थांबले आणि पानच स्कॅन केलं. काचेला चिकटलेला एक फोटो काचेसकट स्कॅनरवर ठेवला. ओढला असता तर चित्राचा थर काचेवरच राहिला असता. निगेटिव्हच्या एका डब्याला व्हिनेगरसारखा वास येत होता. अ‍ॅसिटेट फिल्म कुजू लागली की असा वास येतो आणि शेजारच्या फिल्मही बिघडतात, म्हणून तो डबा लगेच वेगळा काढला.

स्कॅन 600 डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला 600 ठिपके, आणि टिफमध्ये, म्हणजे चित्राचा तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये. या मूळ फाइलला हात लावायचा नाही. रंग सुधारायचे ते प्रतीवर. आणि प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या घरात.

खरं काम पुढेच होतं. मोठे प्रिंट घेऊन मी जुन्या सभासदांकडे जाऊ लागले. “हे कोण?” विचारलं की माणसं अवघडायची. “फोटो काढणारा कुठे उभा असेल?” म्हटलं की बोलती व्हायची. परवानगी घेऊन सगळं रेकॉर्ड केलं. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहिली, कोणी सांगितलं त्यासकट. एका फोटोच्या वर्षावरून मतभेद झाला, तो इतिवृत्तानं मिटवला: फोटोतल्या घडीच्या खुर्च्यांच्या खरेदीचा ठराव वहीत तारखेसकट होता. फोटो त्याआधीचा असूच शकत नव्हता.

बायकांच्या फोटोंखाली मात्र सगळीकडे ‘सौ.’ आणि पुढे नवऱ्याचं नाव. हे मला फार लागलं. एका आजींना पाच जणींच्या रांगेचा फोटो दाखवला. चौघी त्यांच्या शाळेतल्या. त्यांनी चौघींची माहेरची नावं धडाधडा सांगितली. सासरची त्यांना माहीतच नव्हती. मी दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहिली, फोटोच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीनं. पाचवी काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आजींचा फोन आला. पाचवीचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, “आधी लिहून घे, मग बोलू.”