ताईकेन

शनिवार, ९ नोव्हेंबर, रात्री

केसांना धुराचा वास येतोय आणि उद्या धुवायला वेळ मिळेलसं वाटत नाही. इरोरीशेजारी बसून लिहितेय. इरोरी म्हणजे खोलीच्या मधोमध जमिनीतच केलेली चौकोनी चूल. वर आढ्याला आकडा आणि आकड्याला काळीकुट्ट किटली. आई आतल्या खोलीत फुतोनवर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या गादीवर, कधीच झोपली. "हितं पलंग न्हाई ते एक बरं हाय," म्हणाली. ओसाकाच्या घरात पलंगावर चढताना ती रोज माझ्या नवऱ्याचा उद्धार करते, कारण पलंग त्यानं निवडलाय.

सकाळी ओसाकाहून शिनकानसेन या बुलेट ट्रेननं ओकायामा, तिथून सेतोच्या समुद्रावरचा पूल ओलांडून शिकोकू बेट, आणि डोंगरातलं ओबोके स्टेशन. त्याच्या पुढं इया खोरं. जपानातल्या तीन अति दुर्गम मुलखांत याची गणना होते. आता तिथंही बस जाते आणि बसमधून आमच्यासारखी माणसं उतरतात. आईनं खिडकीतून एकदा बघितलं आणि निकाल दिला, "आंबोली घाट." आजऱ्याच्या माणसाला कुठलाही ओला डोंगर आंबोलीच वाटतो.

वेलींचा पूल बघून झाला. ४५ मीटर लांब, पाण्यापासून १४ मीटर उंच, किवीच्या कुळातल्या रानवेलीचा, दर तीन वर्षांनी नव्यानं विणतात. आत पोलादी तारा घातलेल्या असतात हे आईला आधी सांगायला हवं होतं. मी मध्यावर सांगितलं. तोवर तिनं सगळे देव बोलावून घेतले होते.

बसथांब्यावर घरमालकीण स्वतः गाडी घेऊन आली होती. वय ८२. त्या वळणावळणाच्या रस्त्यावर एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं मला दरी दाखवत होती. इकडं शेतकऱ्यांच्या घरी मुक्काम करायचा म्हणजे नुसतं खाऊन झोपायचं नसतं, 'ताईकेन' करायचं असतं. ताईकेन म्हणजे अनुभव. कुट्टूच्या शेवयांचं सोबा-ताईकेन, सुरणासारख्या कंदाच्या लिबलिबीत वड्यांचं कोन्याकू-ताईकेन, चहाखुडणी-ताईकेन. पर्यटनाच्या प्रत्येक पत्रकावर हा शब्द छापलेला असतो. गाडीत तो इतक्यांदा आला की आईनं विचारलं, "ही ताई कोण गं?" मी हसत सुटले, आणि तेव्हापासून त्या बाईंचं नाव ताई पडलंय. त्यांनाही ते आवडलेलं दिसतं. आई "ताई" म्हणाली की त्या "हाई" म्हणतात.

शेत बघून मात्र आई गप्प झाली. छपरावर पेरणी केल्यासारखं शेत. इकडं काही ठिकाणी ४० अंशांपर्यंतचा उतार आहे आणि टप्पे न पाडता तो तसाच कसतात. माती पावसानं खाली सरकते, म्हणून ती दर हंगामात खालून वर ओढायची. शरदात डोंगरातलं गवत कापून त्याच्या उभ्या बुचाडी रचायच्या, वाळलं की बारीक करून रानात पसरायचं. धूप थांबते आणि तेच खत होतं. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं या पद्धतीला जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. हे मी आईला मोठ्या कौतुकानं ऐकवलं. ती समोरच्या उतारावरची बंद घरं मोजत होती. म्हणाली, "वारसा हाय खरं, पण वारस कुठं हाईत?"

ताईंचा मुलगा ताकामात्सू शहरात असतो. वर्षातून दोनदा येतो म्हणे. मी आजऱ्याला दोन वर्षांतून एकदा जाते, त्यामुळं या विषयावर मी फार बोलले नाही.

घराच्या वळचणीला कणसं वाळत टांगली होती. मी मक्याचे फोटो काढत होते आणि आई पलीकडच्या जुडीपाशी उभी. "अगं, नाचणी की ही!" मुठीत बोटं मिटावीत तशी आत वळलेली कणसं. तिनं एक कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली, आणि तांबडे दाणे माझ्या नाकाशी आणले. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, शिकोकुबिए. 'हिए' म्हणजे आपल्या सावा-वरईच्या जवळचं एक धान्य, म्हणजे नाव झालं शिकोकूचं हिए. मूळची आफ्रिकेतल्या उंच प्रदेशातली, हजारो वर्षांपूर्वी भारतात आलेली नाचणी जपानात पोचून शिकोकूची लेक म्हणून नांदतेय. शिकोकूतल्या या तोकुशिमा जिल्ह्याचं जुनं नावच आवा, आणि ते आवा नावाच्या धान्यावरून, म्हणजे राळ्यावरून पडलं असं सांगतात. भात पिकण्याजोगी सपाट जमीनच नव्हती. राळा, नाचणी आणि सोबा यांवर माणसं जगली. आईला हे समजावून सांगावं लागलं नाही.

जेवणाआधी चहा आला. पिवळसर आणि चक्क आंबट. हा आवा-बानचा, याच जिल्ह्यातल्या कामिकात्सू आणि नाका भागातला. भर उन्हाळ्यात जून पानं काढतात, उकळतात, चोळतात, पिंपात दाबून वर दगड ठेवून आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात. आंबवणारे जंतू दह्यातल्याच जातकुळीचे. आईनं घोट घेतला. "चहाच्या कपात ताक पिलेलं का कुणी?" पण तीन कप प्याली.

जेवायला चुलीभोवती राखेत खोचलेल्या काड्या, त्यांवर लहान बटाटे, कोन्याकू आणि इथला टोफू, सगळ्याला मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, फासलेलं. टोफू इतका घट्ट की पूर्वी सुंभानं बांधून नेत. काड्या फिरवत भाजायच्या. ते बाहुलीच्या खेळासारखं दिसतं म्हणून नाव देकोमावाशी, बाहुली फिरवणं. इथवर छान चाललं होतं. आई माळकरी. मी फोनवर दोनदा सांगितलं होतं की मासा नको, माशाचं पाणीही नको. ताईंनी रस्सा खरंच शिताके अळंबी आणि कोंबू या समुद्रशेवाळाचा केला होता. आणि मग शेवटी, पाहुण्यांना जरा बरं वाटावं म्हणून, गरम टोफूवर वाळल्या माशाच्या किसाची मूठ भुरभुरली. वाफेनं तो किस वळवळतो. आई वाटीकडं एकटक बघत होती. "हे हलतंय कशानं?" तिची वाटी मी संपवली.

जेवण झाल्यावर भिंतीवर टांगलेलं एक मातीचं पसरट भांडं तिनं उतरवून घेतलं. होरोकू. चहा, तीळ, सोयाबीन भाजायचं. बोटाच्या पेरानं टणटण वाजवून बघितलं आणि परत अडकवलं. "खापरीच की."

रविवार, १० नोव्हेंबर, परतीच्या गाडीत

आजचं ताईकेन सोब्याचं. सोबा म्हणजे कुट्टू. तीन धारांचं काळपट बी, आत्ताच निघालेलं नवं पीक. उत्तर भारतात हे पीठ उपासाला चालतं असं मी सांगितल्यावर आई एकदम जागी झाली, कारण परवा मंगळवारी कार्तिकी एकादशी.

ओसरीवर जातं मांडलेलं. आपल्यासारख्याच दोन पाळ्या, फक्त खुंटा वर नाही, कडेला आडवं लाकूड ठोकून त्यात उभा केलेला. मी मोठ्या उत्साहानं फिरवायला घेतलं आणि पीठच येईना. ताईंनी माझा हात धरून थांबवला. इकडं डावीकडं फिरवायचं. आतल्या खाचा तशाच कोरलेल्या असतात, उलटं फिरवलं तर दाणा बाहेर पडतच नाही. नऊ वर्षं जपानात राहून मला हे माहीत नव्हतं. मग मी मूठभर दाणे ओतले. आता आईनं थांबवलं.

"घास घाल, घास. मुठीनं वैरलंस तर कण्या पडत्यात."

आणि मला उठवून ती स्वतः बसली. एक पाय दुमडून, एक लांब पसरून, जशी जात्यावर बसतात तशी. इथंच माझा जीव वरखाली. समोरच्याकडं पाय करून बसणं जपानात किती वाईट दिसतं हे मी तिला विमानतळापासून सांगत आले होते. मी दात आवळून "आई, पाय" म्हटलं. तिला ऐकू आलं नाही, की आलं, देव जाणे. वज्रासनात बसलेल्या ताईंनी तिच्याकडं बघितलं, "योइशो" असा आवाज काढून गुडघे सोडवले आणि स्वतःचाही पाय पसरला. मग जातं मध्ये, चार पायांतले दोन लांब, आणि मी उभी.

दोघींनी खुंट्यावर एकावर एक हात ठेवले. घरघर लागली. पाळीच्या कडेनं करडं पीठ पडायला लागलं, त्यात सालाचे काळे ठिपके. ताईंनी गाणं धरलं. संथ, एकेक सूर लांबवत नेलेला, मध्येच आवाज कापणारा. इयाची दळणाची गाणी प्रसिद्ध आहेत. दिवसभर रानात राबून रात्री बायका दळायला बसत तेव्हाची. मी भाषांतर करून सांगायच्या आधीच आई म्हणाली, "झोप येऊ ने म्हणून म्हणायचं. दुसरं काय."

मी फोन काढला. आता तू ओवी म्हण, मी रेकॉर्ड करते. मला वाटलं, हे दृश्य किती सुंदर होईल, इयात आजऱ्याची ओवी. आईनं पहिली ओळ म्हटली. दुसरी येईना. परत पहिली म्हटली. मग थांबून म्हणाली, "पाटं तीनला उठून आईसंगं दळायची मी. हाताला घट्टे. गावात गिरण आली तवा बायकांनी गिरणीला हळदकुंकू वाहिलं. आठवत कोण बसतंय ते?"

मी हे ताईंना जपानीत सांगितलं, जरा गोड करून. ताई गोड करण्यातल्या नव्हत्या. म्हणाल्या, गाणं खरं माझ्या सासूला यायचं. मी शिकले ते पाहुणे यायला लागल्यावर.

हे भाषांतर करून सांगितल्यावर आई इतकी हसली की जातं थांबलं. मग तिनं विचारलं, या दळणाचे तू पैसे भरलेस? मी भरले होते. किती, ते निम्मं सांगितलं.

अर्ध्या तासाच्या कष्टात दोन वाट्यासुद्धा पीठ नाही. बाकीचं ताईंनी तयारच ठेवलं होतं. इयाच्या सोब्यात गव्हाचं पीठ जवळजवळ घालत नाहीत, त्यामुळं चिकटपणा शून्य. शेवया जाड, आखूड आणि तुटक्या. पाणी थोडं थोडं शिंपडत बोटांच्या टोकांनी पीठ गोल फिरवायचं, कण कण भिजला पाहिजे. ताई सांगत होत्या, पीठ ताजं हवं, शिळं झालं की लगेच फाटतं. आई मान हलवत म्हणाली, "विरी जाते." बस. या एका शब्दाचं जपानी मला सापडलं नाही, पण ज्वारीची भाकरी थापणाऱ्या बाईला सोबा कळायला दुभाषा लागत नाही. तिनं खुणेनंच विचारलं की आधण का घालत नाही. ताईंनी 'युगोने' म्हणून सांगितलं, गरम पाण्यानं मळायची रीतही आहे, पीठ फारच रुसलं तर वापरतात. त्यापुढं दोघींचं काय चाललं होतं मला ठाऊक नाही. एक मराठीत, एक इयाच्या बोलीत, जी मलाही निम्मीच कळते.

कापणं माझ्याकडं आलं. आयताकृती मोठा सुरा, शेजारी लाकडी पट्टी, सुरा किंचित कलता केला की पट्टी आपसूक केसभर सरकते. ताईंच्या शेवया पेन्सिलीच्या शिशासारख्या, माझ्या फुटलेल्या कुरडईसारख्या. उकळत्या पाण्यात गेल्यावर त्यांचे आणखी तुकडे झाले. चव मात्र भाजक्या मातीसारखी, कडेला किंचित गोड. शेवटी शेवया उकळलेलं पाणी रश्शात ओतून प्यायचं. आई म्हणाली, पेजच.

आणि हे मला लिहून ठेवायचंय. परातीत मूठभर मळलेला गोळा उरला होता. आईनं तो हातात घेतला, गोल केला, तळव्यावर दाबला आणि भिंतीवरच्या त्या होरोकूकडं बघितलं. काय करायचंय ते मला लगेच कळलं. चूल पेटलेली होती. आणि मी म्हणाले, "आई नको. कार्यक्रमात नाही ते. बारा वाजता संपतं, त्यांना त्रास नको." साडेअकरा वाजले होते. तिनं गोळा परत ठेवला आणि हात धुतले. ताईंनी माझ्याकडं बघितलं, विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, काही नाही, छान झालं म्हणतेय.

निघताना ताईंनी सोब्याच्या पिठाची पुडी आणि नाचणीचं एक कणीस दिलं. कणीस भारतात न्यायचं तर विमानतळावर भानगड होईल, ते इथंच राहील. ओबोकेहून गाडी सुटल्यावर बोगदे लागले, एकामागून एक. आई डोळे मिटून बसलीय. झोपलेली नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

काल एकादशीला तिनं सोब्याच्या पिठाला हात लावला नाही. "उत्तरेत चालत असंल. कार्तिकीला मला प्रयोग नकोत." बटाटा आणि दाण्यांवर दिवस काढला.

आज द्वादशी. मी ऑफिसच्या कॉलवर होते तेव्हा स्वयंपाकघरातून थापल्याचा आवाज आला. बाहेर आले तर आधण घालून पीठ मळलेलं, भाकरी इंडक्शनवरच्या नॉनस्टिक तव्यावर. उलटताना मधोमध चिरली. फुगली नाही. कडा वाळल्या, मध्ये ओलसर राहिली. आईनं तिचे दोन तुकडे केले, एक मला दिला, वर ताईंनी दिलेलं मिसो लावलं.

"पीठ चांगलं हाय," ती म्हणाली. "तव्यात दम न्हाई. ताईकडं खापरी होती."

मी कॉलवर परत गेले.