तिला बेल ऐकू येत होती

शनिवार, रात्री उशिरा

"बेल मला ऐकू येते गं," आई म्हणाली आणि पुन्हा शब्दकोड्यात डोकं घातलं.

मी फोनच्या टेबलाजवळ उभी. हातात मोबाइल, त्यावरून लावलेला घरचाच नंबर. फोन वाजतोय आणि शेजारच्या डबीतला लाल दिवा बेलच्या ठेक्यात उघडझाप करतोय. तीन आठवडे रात्री जागून केलेली गोष्ट पहिल्या झटक्यात चालली होती आणि मला काही सुचेना. मोबाइल कट केला. दिवा विझला.

मग उचलत का नाहीस, हे विचारलं नाही. दादाने विचारलं असतं.

ऐकू येत नाही असं मीच ठरवलं होतं. कानाच्या डॉक्टरांकडे ती यायला तयार नव्हती, तेव्हा म्हटलं दिवा तरी करू. बाबांचं सोल्डरिंग आयर्न माळ्यावरून काढलं. त्याची तार अजून त्यांनी गुंडाळली होती तशीच होती.

सर्किट सोपं आहे. रिसीव्हर ठेवलेला असताना लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी, म्हणजे एकाच दिशेचा दाब असतो. बेल वाजवायला एक्सचेंज त्यावर ७५ ते ९० व्होल्टचा एसी, म्हणजे दिशा उलटसुलट होणारा, चढवतं, २० ते २५ हर्ट्झचा. डीसी अडवायचा, एसी तेवढा आत घ्यायचा, की झालं. डीसी अडवायला ०.४७ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा कपॅसिटर, मग प्रवाह आवरायला १० किलोओहमचा रेझिस्टर, मग पाठीला पाठ लावलेले दोन झेनर डायोड, ठरावीक व्होल्टखाली वाट न देणारे, म्हणजे रिसीव्हर उचलता-ठेवताना होणाऱ्या खटक्यांनी दिवा लागणार नाही. शेवटी ऑप्टोकपलर, ४एन३५. त्याच्या आतल्या एलइडीला उलटा डायोड जोडायचा, नाहीतर एसीचा उलटा अर्धा भाग तिला मारून टाकेल. ऑप्टोकपलरमध्ये अलीकडून पलीकडे फक्त प्रकाश जातो, तार जात नाही. दिव्याचा अडॅप्टर बिघडला तरी लाइनला धक्का नाही, लाइनवर काही आलं तरी दिव्याला हात लावणाऱ्याला नाही. मला त्यातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

पहिल्या प्रयत्नात मी कपॅसिटरच विसरले होते. एलइडी आणि रेझिस्टर सरळ लाइनवर. काही मिलिअँपिअर वाहिले, एक्सचेंजला वाटलं रिसीव्हर उचललाय, आणि अर्धा दिवस घरचा फोन एंगेज. ताईने मोबाइलवर विचारलं, आई एवढा वेळ कुणाशी बोलतेय? तिला बरंच वाटलं होतं, की आई कुणाशी तरी बोलतेय.

तिला ऐकू येत होतं.

म्हणजे सकाळी नऊला, दुपारी चारला, रात्री जेवणं झाल्यावर मी जे फोन केले ते सगळे तिने ऐकले. मी रिंग आपोआप तुटेपर्यंत थांबायचे. वाटायचं, बाथरूममध्ये असेल, येत असेल, दार ओलांडलं असेल, आता उचलेल. आणि ती तिथेच खुर्चीत बसून बेल थांबायची वाट बघत होती. माझ्याशी बोलायचंच नसतं का? मी एवढी काय त्रास देते? रडू आलं, लिहिते सरळ. कान गेले असते तर बरं झालं असतं, असंही क्षणभर मनात आलं. हे पान फाडायला हवं.

रविवार, पहाट

झोप नाही. १८७६ साली टेलिफोन बोलायला लागला तेव्हा त्याला बेलच नव्हती. पलीकडच्याचं लक्ष वेधायला तोंड लावून ओरडायचं, नाहीतर फोनच्या आतल्या थरथरणाऱ्या पडद्यावर टकटक करायची. नंतर बेल आली आणि ओरडणं संपलं. पण बेल वाजली की उठायचं, हे कुणी शिकवलं आपल्याला? आमच्या घरी बाबा उठायचे. "मी घेतो," म्हणत, हातातलं टाकून. "हॅलो" त्यांचं. मग रिसीव्हरवर तळवा ठेवून आईला हाक. आईचं बोलणं कायम त्या हाकेनंतर सुरू व्हायचं.

मी आईला कधी "हॅलो" म्हणताना ऐकलेलंच नाही. आज पहाटे चार वाजता लक्षात येतंय.

रविवार, दुपार

तीच आपणहून म्हणाली. "वाजायला लागला की मला उठवत नाही. वाजायचा थांबला की वाटतं, कोण होतं." मग डबी हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाली, "हा लागलेलाच राहील असं होतं का? मी माझं करीन मग."

होतं. ऑप्टोकपलरच्या पलीकडे एससीआर टाकायचा, एक इलेक्ट्रॉनिक स्विच. त्याच्या गेट नावाच्या पायाला एकदा इशारा मिळाला की बेल थांबली तरी तो वाहत राहतो, जोपर्यंत वाट तोडत नाही तोपर्यंत. वाट तोडायला एक बटण, दाबलं की तुटणारं. सगळी दुपार त्यात गेली. आधी दिवा मंद असावा म्हणून ४.७ किलोओहम लावला तर दिवा टिकेचना, बेलबरोबर विझायचा. प्रवाह फारच थोडा, एससीआरला धरून राहायला तेवढा पुरत नाही. ६८० ओहम केला, ९ मिलिअँपिअरच्या आसपास आलं आणि दिवा राहिला. आई शेजारी बसून रेझिस्टरवरचे पट्टे वाचत होती. निळा, करडा, तपकिरी. मला काल जे विचारायचं होतं ते आजही विचारलं नाही, आणि आज त्याचं तितकं वाईट वाटलं नाही.

कोणी फोन केला होता हे दिव्यावरून कळणार नाही, असं मी तिला सांगितलं. "तीन जणंच तर आहात," ती म्हणाली.

बुधवार

साडेनऊला फोन लावला. चार रिंगा होऊ दिल्या आणि स्वतः कट केला. पहिल्यांदाच. छातीत धडधडत होतं, काहीतरी अर्धवट टाकून निघाल्यासारखं. घरी त्या टेबलावर आता लाल उजेड असेल, तिला खुर्चीतून दिसत असेल, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

दहा वाजले. भांडी घासली. सव्वादहा. मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला, परत सुलटा केला.

दहा बावीसला घरचा नंबर.

"दिवा होता. बटण दाबलं, विझला. बोल."