गोणपाटाच्या ओळीवरची भिंत

उल्हासनगरात मोजणीला जायचं म्हटलं की आमच्या ऑफिसातली पोरं तोंडं वाकडी करतात. आम्हा कल्याणकरांसाठी ते अजूनही ‘कॅम्प’च. जुने पत्तेही तसेच: कॅम्प नंबर, बराक नंबर, खोली नंबर. आर्किटेक्टकडे मोजणीचं काम करणाऱ्याला त्यातली खोलीच जास्त छळते, कारण सनदेतली, म्हणजे सरकारने दिलेल्या मालकीच्या कागदातली, खोली आणि जागेवरची खोली क्वचितच जुळते.

ही गोष्ट चार-पाच वर्षांपूर्वीची. जुन्या कौलारू बराकी आता शोधाव्या लागतात. बहुतेक पाडून त्यांच्या जागी इमारती उठल्यात. ही एक कशीबशी शाबूत होती आणि बिल्डरच्या डोळ्यांत भरली होती. मालक सगळे मिळून तयार झाले, म्हणून आम्ही टेप, लेझर मीटर आणि वही घेऊन हजर.

मधल्या दोन खोल्यांत घोडं अडलं. कर्ण जुळेनात. पुन्हा मोजले, तरी नाहीच. सामाईक भिंत दारापासून अर्ध्यापर्यंत सरळ, मग दीड फूट शेजारच्या खोलीत शिरलेली आणि तिथून मागच्या भिंतीपर्यंत परत सरळ. सनदेत दोन्ही खोल्या अगदी चौकोनी, सारख्याच चौरस यार्डांच्या. शेजारचा तरुण मालक माझ्या खांद्यावरून वहीत डोकावत होता. म्हणाला, “देखा? मैं कब से बोल रहा हूँ, इन्होंने अंदर लिया है.” लगेच इकडची सून कंबर खोचून दारात उभी.

अशा वेळी मी तोंड बंद ठेवतो आणि छताकडे बघतो. माळ्यावर चढलो. बराकीत भिंत घालायची तर गवंडी ती छताच्या कैचीखाली, म्हणजे कौलं पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याखाली घालणार, हे उघड आहे. पुढची अर्धी भिंत तशीच होती. कैचीच्या आडव्या लाकडाला ओळीने लोखंडी आकडे ठोकलेले, रंगाचे थर बसून बोटाएवढे जाड झालेले. मागच्या अर्ध्यातही कैचीला आकडे होतेच, पण त्यांच्याखाली भिंत नव्हती. ती दीड फूट पलीकडे, आणि तिच्या रेषेत मागच्या भिंतीत उंचावर एक खिळा.

खाली खाटेवर त्या घरातल्या आजी बसल्या होत्या. भर उन्हातून आलेल्या माणसाला सिंधी घरात आधी पापड आणि पाणी मिळतं, तसं मलाही मिळालं. मी आकड्यांचं विचारलं. “परदा था ना, बाबा,” त्या म्हणाल्या. “बारदान का.”

हे ऐकून माहीत होतं, पण आकडे पहिल्यांदाच बघत होतो. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची संक्रमण छावणी होती, दोन हजारांहून जास्त बराकींची. युद्ध संपलं आणि ती ओस पडली. फाळणीनंतर, त्यातही जानेवारी १९४८ मधल्या कराचीच्या दंगलीनंतर, सिंधी कुटुंबं बोटींनी मुंबईत उतरू लागली. मुंबईत आधीच जागेची मारामार, मग त्यांना या बराकींत आणलं. जवळजवळ लाखभर माणसं. उल्हासनगर हे नाव पडलं ८ ऑगस्ट १९४९ ला, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते. (कोल्हापूरजवळच्या वळिवड्यालाही असंच झालं. युद्धकाळात पोलिश निर्वासितांसाठी छावणी बांधली, ते गेल्यावर सिंधी आले. आज ते गांधीनगर. तिथे लग्नाचा बस्ता बांधणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं कुणास ठाऊक.)

बराकीच्या दोन्ही टोकांना खोल्या आणि मध्ये लांबलचक हॉल. हॉलमध्ये जेवढी कुटुंबं, तेवढे पडदे. आजी तेव्हा सात वर्षांच्या. हे लोक शिकारपूरचे, शेजारचे सिंधमधल्या हैदराबादचे. आधीची काही ओळख नाही. पडद्यापलीकडचा खोकलाही ऐकू यायचा. आजींच्या आईचे दिवस भरत आले, तेव्हा खाट आडवी बसेना. बसली तर सुईणीला उभं राहायला जागा उरेना. शेजारच्या बाईने स्वतःच मागचा अर्धा पडदा सोडला, भिंतीत खिळा ठोकला आणि आपल्या बाजूला सरकवून बांधला. भाऊ झाला. पडदा परत कुणी हलवला नाही. पुढे खोल्या नावावर झाल्या, हाताशी चार पैसे आले, तेव्हा गवंड्याने पडदा होता त्याच ओळीवर विटा रचल्या.

सनदेचं कोडं मला इथे सुटलं. १९५४ च्या कायद्याखाली पाकिस्तानात राहिलेल्या मालमत्तेचे दावे मंजूर होत आणि त्या भरपाईतून अशा सरकारी खोल्यांची किंमत वळती करून घेता येई. या दोन्ही खोल्या तशाच मिळालेल्या. कागद करणाऱ्याने हॉल सरळ भागला असणार. खाट त्याला कुठून दिसणार?

शेजारचा तरुण सगळं ऐकत होता. ज्या बाईने खिळा ठोकला ती त्याची पणजी. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “वो ठीक है. लेकिन एरिया सनद से पकड़ो.” मला त्याचा राग आला नाही. दीड फूट गुणिले दहा फूट म्हणजे पंधरा चौरस फूट, आणि नव्या इमारतीत चौरस फुटाचा भाव काय असतो हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. आजी म्हणाल्या, “दे दो उसको, उन्हीं का है.” त्यावर सून जे काही सिंधीत बोलली, ते मला कळलं नाही तेच बरं.

मी नकाशात भिंत आहे तशी, मोडासकट काढली आणि सनदेचं माप शेजारी वेगळं लिहिलं. आमच्या साहेबांनी दोन्ही घरांना एकत्र बोलावून ते दाखवलं. आजींनी सही केली, त्या मुलानेही केली, सुनेने मात्र पेनला हात लावला नाही. फाईल अजून अडकलेली आहे, पण या पंधरा फुटांपायी नाही. टोकाच्या खोलीचे सात वारस निघाले, त्यातले दोघे दुबईत, आणि त्यांची मुखत्यारपत्रं अजून आलेली नाहीत.