एका शीर्षकापायी सतरा दिवस

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सरांनी विषय सुचवला, जड अणुकेंद्रकांतलं महाअनुस्पंदन (सगळं केंद्रक एकदम डोलणं) आणि विखंडन (ते फुटणं), आणि मी तिथल्या तिथे हो म्हणाले. वाचन, आकडेमोड, सादरीकरण सगळं वेळेत झालं. अडलं ते शीर्षक नोंदणीच्या अर्जावर.

अर्जात शीर्षक मराठीतही लागतं. मी 'अनुस्पंदन' लिहिलं, सरांच्या पत्रात 'संस्पंदन' होतं. कार्यालयाच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "शब्द जुळवून आणा." सर परीक्षेच्या कामाला पुण्यात, चार दिवस गेले. जुळवून नेलं तर 'विखंडन' की 'भंजन' यावर अर्ज परत. तिसऱ्या खेपेला सही करणारे रजेवर. नाशिक रोडहून सिटीलिंकने कॉलेज रोड गाठायचं, आणि खिडकी एकला बंद. अजून आठवलं की संताप होतो. चारही शब्द बरोबर होते. कोणता चालेल हे सांगायला मात्र कुणी तयार नव्हतं.

शेवटी तिथल्या एका मॅडमनी विचारलं, "बाळा, यात नक्की होतं काय?" मी पाठकोऱ्या कागदावर युरेनियमचं केंद्रक काढलं, लिंबासारखं किंचित लांबट. गॅमा किरण शोषला की सगळे प्रोटॉन एका अंगाला, सगळे न्यूट्रॉन दुसऱ्या, मग उलट. एक-दोन हेलकावे, की संपलं. लांबीच्या दिशेने डोलायला ऊर्जा कमी लागते, म्हणून कोणत्या ऊर्जेला किती शोषण होतं याच्या आलेखात दोन शिखरं, सुमारे 11 आणि 14 एमईव्हीला (एमईव्ही हे केंद्रकांच्या ऊर्जेचं एकक). फुटायला साधारण 6 पुरतात. म्हणजे डोलणाऱ्या केंद्रकाकडे फुटण्यापुरती ऊर्जा असतेच. 1947 मध्ये बाल्डविन आणि क्लायबर यांना बीटाट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉनना वेग देणाऱ्या यंत्रावर, युरेनियम-थोरियमच्या विखंडनात असं शिखर दिसलं. 1948 मध्ये गोल्डहाबर आणि टेलर यांनी त्याचा अर्थ प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या या डोलण्यातून लावला.

मॅडमनी तो कागद अर्जाला टाचला, 'सोबत टिपण' असा शेरा मारला. दोन दिवसांत सही झाली. त्या अर्ध्या पानाचा मला प्रबंधापेक्षा जास्त अभिमान आहे.

हा विषय घेणाऱ्यांनी सुरुवात शिसं-208 पासून करावी. ते गोल, शिखर एकच, साडेतेरा एमईव्हीच्या आसपास. त्यानंतर युरेनियमची दोन शिखरं आपोआप उलगडतात. मी उलटं केलं आणि आठवडा घालवला.

आणि हो, शीर्षक भरताना सरांच्या पत्राची झेरॉक्स शेजारी ठेवा, एकेक अक्षर ताडून बघा. अर्ज दिल्या दिवशीच आवक क्रमांक मागून घ्या. मी मागितला नव्हता, त्यामुळे पहिले दहा दिवस माझा अर्ज त्यांच्या वहीत आलेलाच नव्हता.