तीन गावं, एक तार

1985 पर्यंत टपाल आणि दूरध्वनी एकाच डाकतार खात्यात होते. त्या काळात मी सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरी तालुक्याच्या एक्स्चेंजवर ऑपरेटर होते. माझ्या बोर्डावरच्या एका जॅकवर, म्हणजे जोडणीची कॉर्ड खोचायच्या एका भोकावर, ओळीनं तीन गावांची पोस्टं होती, तिघांत मिळून एकच तार. गावात फोन म्हणजे पोस्टातला तेवढाच. हँडल फिरवलं की घंटी तिन्हीकडे वाजायची. एक लांब म्हणजे खालचं गाव, दोन लांब म्हणजे मधलं, एक लांब एक आखूड म्हणजे वरचं. पण घंटी आपली नसली तरी रिसीव्हर उचलला जायचाच. ते नियमाविरुद्ध होतं, शिवाय प्रत्येक उचललेल्या रिसीव्हरगणिक आवाज क्षीण व्हायचा.

त्या दिवशी मुसळधार पाऊस होता. इन्सुलेटर भिजले की तारेतला आवाज वाटेतच गळतो. दुपारी बोर्डावरचं शटर पडलं, म्हणजे त्या तारेवरून कोणीतरी मला बोलावत होतं. खरखरीतून “बाई... बाई...” एवढंच ऐकू आलं. बाकीच्यांनी रिसीव्हर ठेवा, असं मी म्हणाले, तोच मधल्या गावचे पोस्टमास्तर बोलले, “बाई, मी ठेवत नाही. वरचं गाव तुम्हाला ऐकू येत नसेल, मला येतंय. मी सांगतो.”

पहिलटकरीण होती. दिवस भरत आले होते, कळा नव्हत्या, पण सकाळपासून रक्त जात होतं. सुईणीनं हात टेकले होते. मी दुसरी कॉर्ड लावून दवाखान्यातल्या डॉक्टरांना लाइनवर घेतलं. रक्त किती? पोट दुखतंय का? मूल हलतंय का? मास्तर प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा वर ओरडून सांगत होते आणि उत्तर खाली आणत होते. हे मास्तर शाळेचेही मास्तर, पोस्ट शाळेच्याच खोलीत. चारचौघांत बायकांच्या अशा गोष्टी पुरुषानं उच्चारायच्या नाहीत, असा तो काळ. त्यांचा आवाज एकदाही अडखळला नाही. डॉक्टर म्हणाले, “आडवी ठेवा, आणि सुईणीला सांगा, आतून अजिबात तपासायचं नाही.” तेही तितक्याच स्पष्टपणे वर गेलं.

जीप निघते, असं डॉक्टर म्हणताच तिसरा आवाज आला. खालचं गावही ऐकत होतं. “साहेब, फरशी पुलावरून पाणी चाललंय, जीप पलीकडे जायची नाही. आमच्या शाळेपाशी थांबवा. आमची माणसं निघाली, साकवावरून डोली आणतो.”

अंधार पडायच्या आत डोली जीपपर्यंत पोचली. तिला रात्रीच जिल्ह्याला हलवलं. मुलगी झाली, आई वाचली.

ट्रंक कॉलच्या तिकिटावर, म्हणजे बाहेरगावच्या कॉलच्या नोंदीच्या चिठ्ठीवर, मला वरचं गाव ते दवाखाना एवढंच लिहिता आलं. मधल्या दोघांसाठी त्यात रकानाच नव्हता.

पुढे मधल्या मास्तरांविरुद्ध एका व्यापाऱ्याची तक्रार आली: ते फोन ऐकतात, माझे भाव बाहेर फुटतात. तक्रार खरी होती, त्याचं नुकसानही खरं होतं. खात्यातल्या आमच्या साहेबांनी माझा जबाब मागितला. मी ऐकण्याबद्दलचं सगळं खरं लिहिलं आणि त्याच कागदावर त्या दुपारचा कॉलही तारीखवार लिहून दिला.