म्वालिमू, तुम्ही परत कधी जाणार?

म्वालिमू म्हणजे स्वाहिलीत शिक्षक. केनियातल्या एका खेड्यात मी शिकवते आणि डिसेंबरात नाशिकला असते. केनियातलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि नोव्हेंबरात संपतं, त्यामुळे नाताळ आईजवळ होतो. रविवारी उपासना सुटली की महिला मंडळाच्या मावश्या अडवतात. "अगं, तिथल्या मुलांचे फोटो दाखव की. प्रोजेक्टर आम्ही आणतो." यंदाही मी नाही म्हणाले. लेकरांचे अनवाणी पाय आणि विटलेले गणवेश आपल्या हॉलच्या पडद्यावर दाखवायची परवानगी मी त्यांच्या आयांकडे मागितलेली नाही, आणि मागूही नये असं मला वाटतं. नाशिकला शिकवत असताना माझ्या वर्गाचे फोटो परमुलखात कुणी असे दाखवले असते तर मला चाललं नसतं. पण मी तिथे दिवसभर करते तरी काय, हा तुमचा प्रश्न खरा आहे. म्हणून लिहिते.

मोम्बासाच्या उत्तरेला किलिफी जिल्हा आहे. किनाऱ्याला माड, काजू, आंबे. कोकणात आल्यासारखं वाटतं. आमचं गाव मात्र आतल्या अंगाला, कोरड्या भागात. वस्ती गिरियामा लोकांची, शेती मक्याची आणि कसाव्याची, घरोघरी शेळ्या. मोठा पाऊस एप्रिल ते जूनचा. तो चुकला की वर्गातली हजेरी वाढते, कारण दुपारी शाळेत मका आणि घेवडा एकत्र शिजवून मिळतो. घरी तेवढंही नसतं.

सकाळ पाण्यापासून सुरू होते. तिथे वेळ सूर्योदयापासून मोजतात, आपल्याकडे पूर्वी घटका मोजायचे तशी. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. तो एक वाजायच्या आत पिवळ्या कॅनची रांग लागलेली असते. मुलं घरून येताना लहान कॅनमधून शाळेच्या स्वयंपाकासाठी पाणी आणतात, माझ्याही हातात एक असतो. सोमवारी आणि शुक्रवारी झेंडा चढतो, राष्ट्रगीत होतं, मग वर्ग. 2003 साली केनियात प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि वर्ग ओसंडून वाहू लागले. माझ्या गणिताच्या तासाला साठ-सत्तर मुलं असतात, एका बाकावर चौघं. घरी गिरियामा, बाजारात स्वाहिली आणि पुस्तकात इंग्रजी. हातच्याची वजाबाकी मी सोड्याच्या बाटल्यांच्या पत्र्याच्या बुचांनी शिकवते. दहा बुचं दोरीत ओवली की एक दशक. दोरी सोडली की दशक मोडलं. वर्गात ती बुचं सांडतात तो आवाज मला इथे नाशिकलाही ऐकू येतो.

हे काम करणारी मी एकटी नाही, हे आधी सांगायला हवं. माझ्या शेजारच्या वर्गावर त्याच गावातली एक तरुण शिक्षिका आहे. सरकारी नेमणूक तिला अजून मिळालेली नाही. शाळेचं व्यवस्थापन मंडळ पालकांच्या वर्गणीतून तिला पगार देतं. वर्गणी जमली तर पगार, नाही तर पुढच्या महिन्यात बघू. माझा खर्च इथली संस्था उचलते, माझ्याकडे धार्मिक-सेवाभावी कामाचा रीतसर परवाना आहे, आजारी पडले तर मला मोम्बासाला नेणारी गाडी आहे. तिच्याकडे यातलं काहीही नाही आणि शिकवते ती माझ्याहून चांगलं. कोणत्या मुलाच्या घरात काल चूल पेटली नाही, कोणाचा बाप मोम्बासाच्या बंदरावर कामाला गेला तो परतला नाही, हे ती मुलाच्या चालण्यावरून ओळखते. मला ते ती सांगते तेव्हा कळतं.

फुंझाचा उपाय मला तिनेच शिकवला. फुंझा म्हणजे धुळीत राहणारी एक बारीक पिसू. मादी पायाच्या कातडीत, बहुतेक वेळा अंगठ्याच्या नखाशेजारी, घुसते आणि आत अंड्यांनी भरून फुगते. बाहेरून दिसतो तो पांढरट फोड आणि मधोमध काळा ठिपका. मुलाला धड चालता येत नाही, टाचा टेकवत येतं आणि मग यायचंच बंद होतं. शुक्रवारी दुपारी आम्ही पत्र्याच्या घमेल्यात कोमट पाणी घेतो आणि पोटॅशियम परमँगनेटचे चार कण टाकतो. पाणी जांभळं होतं. मूल बाकावर बसतं, पाय पाण्यात. ती खाली बसते, पाऊल मांडीवर घेते आणि बोट न बोट उलगडून बघते. सुई प्रत्येकाला वेगळी, वापरली की डब्यात बंद. काढताना ती मुलाशी बोलत राहते, शेळी व्यायली का, किती पिल्लं, कुठल्या रंगाची. शेवटी पाय पुसून व्हॅसलीन. मी पाणी बदलते आणि वहीत नाव लिहिते, माझं काम तेवढंच. नंतर ती त्या मुलाच्या घरी जाते आणि मातीच्या जमिनीवर रोज पाणी शिंपडायला सांगते, कारण कोरड्या धुळीत पिसू वाढते. हे सांगायला मी गेले असते तर आई संकोचली असती. माझ्या सहकारी शिक्षिकेशी आई भांडते, हसते आणि शिंपडते.

मला पाहून नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "तुमचं दुकान कुठलं?" केनियात भारतीय चेहरा म्हणजे दुकानदार, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. 2017 साली तिथल्या सरकारने भारतीय वंशाच्या लोकांना देशाची 44वी जमात म्हणून मान्यता दिली, तरी खेड्यात पायी चालणारी, मटाटूत, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसमध्ये, कोंबून बसणारी भारतीण लोकांना नवीनच. शिक्षिका आहे म्हटल्यावर मान हलवतात. मग दुसरा प्रश्न येतो, तो मुलंही विचारतात. "म्वालिमू, तुम्ही परत कधी जाणार?"

मुलांना या प्रश्नाची सवय आहे. माझ्याआधी युरोपातून तरुण मंडळी आली होती. भिंतीवर नकाशा रंगवला, मुलांशी फुटबॉल खेळली, रडत निरोप घेतला. त्यांचं प्रेम खरं होतं, यात मला शंका नाही. नकाशाही सुंदर आहे, मी तो वापरते. पण एका चौथीतल्या मुलीने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस कधी येईल हे विचारावं तसं तिने विचारलं. परदेशी शिक्षकाकडे गावातल्या कुणाकडेही नसलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे परतीचं तिकीट. तेव्हापासून मी माझ्या कामाची एकच कसोटी धरली आहे. मी गेल्यावर जे चालू राहील ते काम. बाकीचं माझ्या समाधानासाठी.

आपण नाशिकच्या शरणपूरचे, आपल्याला हे नवं नसावं. लहानपणी मला वाटायचं शरणपूर म्हणजे कॅनडा कॉर्नर, तिबेटी मार्केट आणि आपलं चर्च. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइस साहेबांनी ही वसाहत वसवली, एवढंही माहीत होतं. ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जायची आणि त्यातली कितीतरी इथे, आपल्या शरणपुरात, वाढली, हे मी नीट वाचलं ते तिकडे गेल्यावर. इथे ती अक्षरं शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन, त्याचा मृतदेह आफ्रिकेतून इंग्लंडपर्यंत पोचवणारा आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला खांदा देणाऱ्यांत उभा राहिलेला जेकब वेनराइट नाशिकच्याच शाळेतला.

माझ्या गावापासून मोम्बासाला जाताना वाटेत फ्रिअर टाउन लागतं. गुलामीतून सुटलेल्यांसाठी 1875 च्या सुमारास ही वसाहत उभी राहिली. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं. उभारायला प्राइस साहेबच गेले आणि मुंबई-नाशिककडची सुमारे दीडशे आफ्रिकन माणसं तिथे आली. गुलाम पकडणारे आले तर इशारा द्यायला टांगलेली घंटा आजही रस्त्याच्या चौकात आहे, मटाटू तिथे थांबते. प्राइस साहेब 1876 साली परतले, पुढे अधूनमधून आले. पण विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे नाशिकला शिकलेले दोघे 1864 मध्येच जवळच्या रबाईला पोचले होते आणि ते राहिले. शिकवलं, उपदेश केला, पळून आलेल्या शेकडो गुलामांना जोन्सने रबाईत आसरा दिला. गोऱ्या मिशनऱ्यांनी त्यांना बरोबरीने वागवलं नाही, धर्मसेवकाची दीक्षा मिळायलाही 1885 उजाडलं. तरी ज्यांच्या भरवशावर ते काम टिकलं ती हीच माणसं. आपल्या रविवारच्या शाळेत लिव्हिंग्स्टनची गोष्ट सांगतात. जोन्स आणि सेमलरची सांगावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. ती आपल्या अंगणातली माणसं आहेत.

"मग तू तिथे प्रभूचं नाव घेतेस की नुसतं गणित?" असं गेल्या रविवारी एका मावशीने विचारलं. घेते. सकाळी प्रार्थना करून निघते आणि ते लपवत नाही. शाळेच्या वेळापत्रकात ख्रिस्ती धर्मशिक्षण आणि इस्लाम धर्मशिक्षण असे दोन्ही विषय असतात, ज्याचं त्याने शिकावं. काही घरं अजून कायाची, म्हणजे पूर्वजांच्या पवित्र देवराईची रीत पाळतात. वजाबाकी मी तिघांनाही सारखीच शिकवते, आणि ती नीट शिकवणं ही माझी साक्ष आहे असं मानते.

आता मुद्द्याचं. मंडळाने जुने कपडे गोळा करायला सुरुवात केली आहे, ते कृपया थांबवा. तिथे परदेशातून येणाऱ्या वापरलेल्या कपड्यांचे ढीग प्रत्येक बाजारात असतात. गरज वेगळी आहे. वरच्या वर्गातल्या मुली महिन्यातले चार-पाच दिवस शाळेत येत नाहीत. मुलींना सॅनिटरी पॅड मोफत द्यायचा कायदा 2017 मध्ये झाला, पण आमच्या शाळेपर्यंत पुरवठा नेमाने येत नाही. धुऊन वापरायचे कापडी पॅड न्यावेत असं माझ्या मनात होतं. माझ्या सहकारी शिक्षिकेने फोनवर वेगळंच सांगितलं. तिथे रात्रीचे साडेआठ वाजले होते, इथे अकरा. "शिवून आणू नका. कापायचा नमुना आणा आणि शिवायला कसं ते शिकून या. गावात दोन शिवणयंत्रं आहेत, बायका शिवतील."

तेव्हा ज्या मावश्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी पुढच्या रविवारी उपासनेनंतर हॉलमध्ये थांबावं. जाड कागद, कात्री, गडद रंगाचं सुती फ्लॅनेल आणि टिचबटणं मी मेन रोडवरून आणते. मला शिवण येत नाही, त्यामुळे पहिला पॅड माझ्याकडून शिवून घ्या, उसवून पुन्हा शिवून घ्या, मला तिथे जाऊन दुसऱ्याला शिकवता येईल इतपत.